अंगाची साक्ष : वऱ्हाडात मदत मागणाऱ्यांच्या तपासणीचा इतिहास

१/
जखमी कामगाराने आपल्या गावी कधी परतावे, हे कायद्याने ठरवावे का? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ते ठरवले होते. डॉक्टरी तपासणी मागण्यासाठी मालकाला दिलेली मुदत संपण्याआधीच, तपासणी न करून घेता, कामगार कारखान्याचा परिसर सोडून गेला, तर तो परत येऊन तपासणीस हजर होईपर्यंत त्याचा भरपाईचा हक्क स्थगित होई. अकोला, अमरावती, खामगावच्या जिनांत हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांसाठी या कलमाचा अर्थ काय होता आणि त्यामागचा संशय कुठून आला, याविषयी हा थ्रेड. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
विषय जुना असला तरी शिळा नाही. अनेक देशांत दीर्घकालीन अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्यांच्या मागावर विमा कंपन्या खासगी गुप्तहेर पाठवतात. माणूस पिशवी उचलतो का, बागेत वाकतो का, सहलीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकतो का, हे टिपले जाते. स्वित्झर्लंडमधील एका अपघातग्रस्त महिलेवर अशी पाळत ठेवली गेली. पाळतीला पुरेसा स्पष्ट कायदेशीर आधार नसल्यामुळे तिच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. त्यावर स्विस संसदेने तसा कायदाच केला आणि २५ नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो मान्य केला.

३/
वऱ्हाडात पाळतीने निराळी रूपे घेतली. दुष्काळी कामावरची खडी, गावच्या यादीची तपासणी, तुटलेल्या बोटाचा टक्का, दरसालचा हयातीचा दाखला. रूपे बदलली, तरी मदत मागणाऱ्याला विचारला जाणारा प्रश्न एकच राहिला : "तुला खरोखरच काम होत नाही का?" या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देऊन भागत नसे. अंगानेच साक्ष द्यावी लागे.

४/
अशा तपासणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. ज्याला गरज नाही त्याला मदत मिळणे ही पहिली. ज्याला गरज आहे त्याला ती नाकारली जाणे ही दुसरी. पहिलीचा हिशेब रुपयांत मांडता येतो, म्हणून ती शोधण्यासाठी माणसे नेमली जातात. दुसरी चूक ज्याच्या वाट्याला येते तो निमूट घरी जातो. कागदावर त्याच्या नावापुढे 'नामंजूर' एवढाच शेरा उरतो. कोणत्या व्यवस्थेने कोणती चूक शोधली, हे पाहणे म्हणजेच या इतिहासाचा गाभा समजून घेणे.

५/
आरंभ इंग्लंडमध्ये होतो. १८३४ च्या गरीब कायद्याने असे तत्त्व घालून दिले की मदतीवर जगणाऱ्याची स्थिती स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या अत्यंत गरीब मजुरापेक्षाही कमी सुखाची असावी. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे कठोर शिस्तीच्या श्रमगृहात, दाखल व्हावे. यामागचा हिशेब चतुर होता. प्रत्येकाची चौकशी करीत बसण्याऐवजी मदतच इतकी कष्टाची करायची की ज्याचा नाइलाज झाला आहे तोच ती मागायला येईल.

६/
हे तत्त्व हिंदुस्थानात ठळकपणे दिसले ते १८७६-७८ च्या दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणात. वऱ्हाडला हे नाव परके नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा प्रांत हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली असे, आणि १८६७ मध्ये टेंपल त्या पदावर होते. १८७७ मध्ये दुष्काळ प्रतिनिधी म्हणून त्यांनी मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड एवढीच मजुरी पुरेशी ठरवली. शिवाय काम घरापासून दूर हवे. जो भुकेल्या पोटी एवढे चालून येईल, तोच खरा गरजू!

७/
मुंबई इलाख्यातील मजुरांनी हे मुकाट्याने सोसले नाही. हजारोंनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि सार्वजनिक काका ऊर्फ गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. एका पौंडात माणूस जगतो की नाही, हा वाद पुढे डॉक्टरांमध्येही रंगला. मदतीची कसोटीच माणसाला मारू शकते, ही गोष्ट त्या वर्षी प्रथमच एवढ्या मोठ्या आवाजात सार्वजनिक चर्चेत आली.

८/
सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला आणि वऱ्हाडासह निरनिराळ्या प्रांतांनी त्याच धर्तीवर आपापल्या संहिता केल्या. मुख्य कसोटी श्रमाची : प्रत्येकाकडून त्याच्या शक्तीप्रमाणे काम घ्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात निर्वाहापुरतीच मजुरी द्यायची. खडी फोडणे, रस्त्याची माती वाहणे, तलाव खोदणे ही कामे म्हणजेच परीक्षेची प्रश्नपत्रिका होती.

९/
मग ज्याला खडी फोडताच येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी संहितेत बिनकामाची मदत होती. आंधळे, लुळे-पांगळे, मतिमंद, वेडे, वृद्धत्वाने किंवा अशक्तपणाने कमावू न शकणारे, आणि आजाऱ्याची वा तान्ह्या मुलाची शुश्रूषा करण्यासाठी ज्यांनी घरीच राहणे अपरिहार्य आहे असे लोक, यांची गावनिहाय यादी करायची. आपल्याकडे 'काम करण्यास असमर्थ' या वर्गाची सरकारी व्याख्या इतक्या तपशिलाने लिहिली गेली ती इथे, दुष्काळाच्या कागदांत.

१०/
यादीवर देखरेखही होती. पाटील-पटवाऱ्यांनी नावे सुचवायची आणि सर्कलच्या अधिकाऱ्याने गावोगाव फिरून त्या माणसांना प्रत्यक्ष पाहायचे. जो काम करू शकेल असे वाटेल त्याचे नाव खोडून त्याला कामावर पाठवायचे. धडधाकट असून काम नाकारणाऱ्यासाठी आणि भटक्या भिकाऱ्यांसाठी गरीबखाना होता. तिथे शिजवलेले अन्न मिळे, पण राहावे आतच लागे.

११/
या टप्प्यावर संहितेची एक बाजू आवर्जून नोंदवली पाहिजे. त्याच अधिकाऱ्यावर दुसरेही कर्तव्य होते : यादीत नसलेला पण उपासमारीने खंगलेला माणूस शोधायचा आणि त्याचे नाव चढवायचे. भूकबळीची खबर दडवणे हा गावकामगाराचा दोष ठरे. म्हणजे ही नजर, निदान कागदावर तरी, दुहेरी होती. फसवणारा शोधणे हे तिचे काम होते, तसे राहून गेलेला शोधणे हेही. पुढच्या काळातील कायद्यांशी तुलना करताना हा मुद्दा लक्षात ठेवावा.

१२/
कागदावरच्या या व्यवस्थेची कठोर परीक्षा १८९९-१९०० मध्ये झाली. १८९६-९७ च्या दुष्काळातून वऱ्हाड नुकताच सावरत होता, तोच पाऊस पुन्हा फसला. ज्वारी गेली, कापूस गेला, वैरण आणि पाणीही आटले. व्हाइसरॉय कर्झन यांनी याच दुष्काळात इशारा दिला की अविचाराने केलेले दानधर्म लोकांचे स्वावलंबन खचवतात आणि असे करणारे सरकार सार्वजनिक गुन्ह्यास पात्र ठरेल. मदतीच्या कसोट्या कडक करण्याकडे कल झुकला. यादीत कुणी जास्तीचा शिरला तर नाही ना, ही धास्ती वरून खाली पाझरली.

१३/
आता जनगणना पाहा. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. वाढ तर राहोच, १ लाख ४३ हजारांची घट. तीत दोन्ही दुष्काळ, रोगराई, स्थलांतर असे सारे मिसळलेले आहे. सगळा भार कसोट्यांवर टाकता येणार नाही. परंतु १९०१ च्या मॅक्डोनेल आयोगाने याच दुष्काळातील मदत एकंदरीत गरजेपेक्षा जास्त झाल्याचे मत नोंदवले. एकीकडे घटलेली लोकसंख्या, दुसरीकडे जास्त वाटपाची तक्रार. पहिल्या चुकीची मोजणी किती तत्परतेने होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

१४/
दुष्काळ ओसरला आणि वऱ्हाडची ओळख पुन्हा कापसावर आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इथल्या कापसाला मोठी मागणी आली होती. पाठोपाठ रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावचा फाटा व्हाइसरॉय मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर इथे जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. दिवाळीनंतर हंगाम सुरू. रेच्यात कापूस घालायला बहुतांशी बाया, अंगावर फिरते पट्टे, हवेत रुईचा धुरळा. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि मधोमध माणसाची बोटे.

१५/
या बोटांची किंमत १९२३ च्या कायद्याने ठरवली. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाच्या मालकीचा असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे स्वतंत्र अधिसूचनेने लागू होत. कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत अवयवांचा तक्ता होता. कोपराच्या वर उजवा हात गेल्यास कमाईची शक्ती ७० टक्के घटली असे धरायचे. कोपराखाली डावा हात ५०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५ टक्के.

१६/
हिशेब करून पाहू. समजा, जिनातील मजुराला महिन्याला १५ रुपये मिळतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी कमी ती. म्हणजे इथे ६३० रुपये. अंगठा गेला तर त्याचे २५ टक्के, म्हणजे साडेसत्तावन्न वर शंभर. तर्जनीला ६३ रुपये. करंगळीला साडेएकतीस. शिवाय दहा दिवसांच्या आत बऱ्या होणाऱ्या जखमेला काहीच नाही. टक्क्यांची ही पद्धत कामगाराच्या बाजूचीही होती, हे मान्य केले पाहिजे. बोट नाही, हे सिद्ध करायला वकील लागत नाही. प्रश्न उभा राही तो तक्त्यात न बसणाऱ्या दुखण्याचा : अधू झालेला खांदा, न वळणारा मणका, धुरळ्याने पोखरलेली छाती.

१७/
आणि इथेच कलम ११ येते. अपघाताची खबर दिल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने मोफत तपासणी देऊ केली, तर कामगाराने ती करून घेतलीच पाहिजे. नकार दिला किंवा अडथळा आणला तर हक्क स्थगित. तपासणीआधी परिसर सोडला तरी स्थगित. मालकाने विमा उतरवला असेल तर पैसे वाचण्यात कंपनीचेही हित. मुंबईच्या गिरणगावात चाळीत राहणाऱ्याला हे कदाचित जमले असते. पण दर्यापूर किंवा बाळापूरकडच्या खेड्यातून हंगामापुरती जिनाच्या आवारात टेकलेली बाई? हात चेचला की मजुरी बंद, मजुरी बंद की शहरात पोट भरायची सोय नाही. माणसे असतात ती गावी. गावी जाणे हा तिच्यासाठी उपचाराचाच भाग. कायद्याच्या नजरेत तोच संशय.

१८/
हा संशय केवळ वसाहतीपुरता नव्हता. युरोपात रेल्वे अपघातांनंतर बाहेरून न दिसणाऱ्या दुखण्यांचे दावे वाढले आणि जॉन एरिक एरिक्सन या शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये पाठीच्या कण्याच्या अशा इजांवर लिहिले. जर्मनीत बिस्मार्कने १८८४ मध्ये अपघात विमा आणला. मग भरपाईच्या आशेनेच माणूस आजारी राहतो असे म्हणणारे डॉक्टर पुढे आले. ब्रिटनमध्ये १८९७ चा भरपाई कायदा झाल्यावर सर जॉन कॉली यांनी १९१३ मध्ये दुखण्याचे सोंग कसे ओळखावे यावर जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. भारतातील १९२३ चा कायदा या साऱ्या वादांचा वारसा घेऊन आला.

१९/
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले का? १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा हे मोठे पाऊल होते. मालकाशी भांडण्याऐवजी वर्गणीतून मिळणारा हक्क, दवाखाना, अपंगत्वाचा लाभ. तरी कलम ६४ पाहा. आजारपणाचा वा अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्याने नेमलेल्या दवाखान्याचे उपचार घ्यावेत, बरे होण्यास बाधा येईल असे काही करू नये, परवानगीवाचून उपचाराचा इलाखा सोडू नये, आणि अधिकाऱ्याने सांगितल्यास तपासणीस हजर राहावे. १९२३ चा 'परिसर' इथे 'इलाखा' झाला.

२०/
वऱ्हाडाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट या कायद्याच्या व्याख्यांत दडली आहे. हंगामी कारखाने त्यातून वगळलेले होते, आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना यादीच्या आरंभीच दोन धंदे येतात : कापसाचे जिनिंग, आणि कापूस व तागाचे प्रेसिंग. नीळ, लाख, चहा, साखर त्यानंतर. अचलपूर किंवा बडनेऱ्याच्या कापडगिरणीतला कामगार या विम्याच्या कक्षेत येऊ शकत होता. त्याच गिरणीला रुई पुरवणाऱ्या जिनातली बाई येऊ शकत नव्हती. शेतमजुराचा तर विषयच नाही. ज्याच्यावर पाळत ठेवावी एवढाही हक्क ज्याला नाही, तो या इतिहासात सर्वांत खाली उभा आहे.

२१/
त्यांच्यासाठी पुढे विम्याऐवजी अनुदान आले. १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आज वऱ्हाडातल्या बहुतेक गावांत ठाऊक आहे. उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, समितीची मंजुरी आणि दरवर्षी हयातीचा दाखला. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवे. टक्क्यांची भाषा दुसऱ्या वाटेने परत आली. तज्ज्ञ तपासणीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते तेव्हा मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटातून. टेंपल यांची अंतराची कसोटी कुणी पुन्हा लिहिलेली नाही. तरी ज्याला चालता येत नाही त्यालाच ती द्यावी लागते.

२२/
विमा कंपनी थेट शेताच्या बांधावर आली ती अपघात विम्याच्या रूपाने. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना २०१५-१६ पासून राबवली गेली. मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख, एक डोळा वा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये. हप्ता सरकार भरी, दावा कंपनी तपाशी. २०२३ मध्ये राज्य सरकारने कंपन्यांना वगळून योजना सानुग्रह अनुदानात बदलली आणि निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिला. कारणे सरकारनेच सांगितली : दावे वेळेत मंजूर न होणे, अनावश्यक त्रुटी काढणे, नाना कारणांनी प्रस्ताव नाकारणे. या दीर्घ कहाणीत दुसऱ्या प्रकारच्या चुकीची अशी उघड सरकारी कबुली विरळाच.

२३/
फसवणूक होतच नाही, असे कुणी म्हणू नये. खोट्या दिव्यांग प्रमाणपत्रांची चर्चा २०२४ मध्ये राज्यभर गाजली, आणि बनावट दाखल्याने जागा अडवणारा माणूस खऱ्या दिव्यांगाचाच घास हिरावतो. म्हणून तपासणी हवीच. प्रश्न तिच्या दिशेचा आहे. १८८३ च्या संहितेतील अधिकाऱ्याला, ती संहिता कितीही कंजूष असो, राहून गेलेला माणूस शोधण्याचाही हुकूम होता. १९२३ आणि १९४८ च्या कलमांत फक्त दावेदाराने काय करावे हे आहे. दावा न करताच गावी निघून गेलेल्या जखमी मजुराला शोधायला कुणी जावे, असे त्यांत कुठे नाही. स्वित्झर्लंडच्या गुप्तहेराचा कॅमेराही एकाच बाजूला वळलेला असतो.

२४/
म्हणून कोणतीही मदत योजना वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : अपात्र शोधण्यासाठी इथे किती माणसे नेमली आहेत, आणि सुटून गेलेले पात्र शोधण्यासाठी किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य असेल, तर ती योजना कोणत्या चुकीला घाबरते हे कळून चुकते.

२५/
वऱ्हाडच्या जिनांचा इतिहास बहुतांशी व्यापाऱ्यांचा आणि भावांचा लिहिला गेला; रेच्यावर बसलेल्या बायांचा फार थोडा. आपल्या घरात किंवा गावात जिनात काम केलेले कुणी असेल, तर त्यांना अपघातांविषयी, डॉक्टरविषयी, मिळालेल्या वा न मिळालेल्या भरपाईविषयी विचारा आणि साल-गावासह टिपून ठेवा. नावे जाहीर करण्याची गरज नाही. हा थ्रेड इथे संपतो. पुढच्या वेळी खामगावचा कापूस बाजार.